इंद्रधनुष (दूरचित्रवाणी मालिका)

इंद्रधनुष ही दूरदर्शनवरून १९८९ मध्ये प्रसारित झालेली हिंदी विज्ञानकथा मालिका होय. तिचे दिग्दर्शन आनंद महेंद्रू यांनी केले. गिरीश कर्नाड, ऊर्मिला मातोंडकर, आशुतोष गोवारीकर व करण जोहर यांनी तीत भूमिका केल्या.

कथानक

अप्पू व त्याचे मित्र सुटे भाग जोडून संगणक तयार करतात. त्याद्वारे देवयानी दीर्घिकेतील राजपुत्राशी त्यांचा संबंध येतो आणि पुढे ते काळप्रवास करतात.

भोर व वेल्हे परिसरातील प्रक्षेपण

पुणे परिसरासाठी दूरदर्शनचे सहक्षेपण केंद्र १९७३ मध्ये सिंहगडावर सुरू झाले. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आल्यास पलीकडे चित्र क्षीण होते. सिंहगडाच्या दक्षिणेस व नैर्ऋत्येस असलेल्या या दोन तालुक्यांत राजगड व तोरणा (१,४०३ मी.) यांसारखे उंच डोंगर असून गावे गुंजवणी, कानंद, वेळवंडी व नीरा यांच्या खोऱ्यांत वसलेली आहेत. त्यामुळे शेजारच्या दोन गावांतही चित्र सारखेच स्पष्ट दिसेल, अशी खात्री नव्हती.

पुनर्दर्शन

चित्रफीत यंत्र नसलेल्या घरी चुकलेला भाग पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. प्रौढपणी मालिका पाहताना संगणकाविषयीचे नवल ओसरलेले असते आणि तेव्हाचे नवोदित कलाकार प्रसिद्ध व्यक्ती म्हणून ओळखू येतात. मात्र ज्यांना लहानपणी ती अस्पष्ट वा तुटक दिसली, त्यांच्यासाठी हे पुनर्दर्शन काही अंशी पहिलेच दर्शन ठरते.