बार्शीची नोंदवही

आज सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या एका नोंदवहीची गोष्ट ऐकू या.

देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. तोवर कॅन्सरचे आकडे मुंबईसारख्या शहरांतून येत. खेड्यातली बाई अंगावरून रक्त गेलं तरी लाजेनं गप्प बसायची. दवाखान्यात गेलीच नाही, तर तिचा आजार लिहिणार कोण? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांत गावोगाव फिरले. बायकांमध्ये सगळ्यांत जास्त आढळला तो गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर.

हा कॅन्सर होतो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे. तो शरीरसंबंधातून पसरतो. पण यावरून बाईच्या चारित्र्याबद्दल बोलू नये. लग्न झालेल्या कुणालाही त्याची लागण होऊ शकते आणि बहुतेकींच्या अंगातून तो आपोआप जातो. काहींच्या अंगात मात्र तो वर्षानुवर्षं राहतो. धोका असतो तो तिथे.

मग १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. गावांचे चार गट केले. एका गटाची एचपीव्ही चाचणी झाली, दोन गटांची वेगळ्या पद्धतीनं तपासणी झाली, तर चौथ्या गटाची तपासणी केली नाही. दोष सापडला त्यांच्यावर उपचार झाले. पुढे आठ वर्षं या बायकांच्या नोंदी कॅन्सरच्या आणि मृत्यूच्या नोंदींशी जुळवल्या. इतकी नावं जुळवायची तर संगणकातली माहितीच हवी.

निकाल २००९ साली छापून आला. तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांपैकी ६४ जणी या कॅन्सरनं गेल्या. एचपीव्ही चाचणी झालेल्या ३४,१२६ जणींपैकी ३४ गेल्या. एकदाच केलेल्या चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

त्या चौथ्या गटाला तपासणीविना का ठेवलं, असा आक्षेप पुढे घेतला गेला. तो रास्तच आहे. ते ६४ म्हणजे नुसता आकडा नव्हे, कुणाच्या तरी आया-बहिणी होत्या. त्यांच्या नोंदींमुळे जगाला पुरावा मिळाला. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनंही तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीच्या हिशोबासोबत हाही विषय घ्या. तिशी ओलांडलेल्या किती जणींची तपासणी झाली? आशाताईंना विचारा, आरोग्य केंद्रात मिळून जा. आणि आपलं नाव नोंदवायला लाजू नका.