वेदनेचे उपकार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठी भाषेला हातावाचून चालत नाही. आपण अडलेल्याला हात देतो, कामाला हातभार लावतो, उपाय संपले की हात टेकतो. गरीब माणसाचे वर्णन करायचे तर 'त्याचे हातावर पोट आहे' एवढे चार शब्द पुरतात. पण ज्याचे पोट हातावर आहे, त्याचा हातच निकामी झाला तर? आज मी ज्या संशोधनाबद्दल बोलणार आहे, ते या प्रश्नापासून सुरू झाले. ते आपल्याच देशात, तामिळनाडूतल्या वेल्लोरला झाले आणि जगाने ते शिकून घेतले.

माझ्या वयाच्या लोकांना जत्रेतले आणि उरुसातले एक दृश्य नक्की आठवत असेल. वाटेच्या कडेला ओळीने बसलेली माणसे, हातापायांना चिंध्या गुंडाळलेल्या, पुढ्यात पत्र्याचा डबा. लोक लांबूनच नाणे टाकत. या आजाराला तेव्हा सर्रास महारोग म्हणत. हाताची बोटे आत वळून पंजासारखी व्हायची, मग एकेक पेर झिजत जायचे. मांस सडून बोटे गळतात, अशी सगळ्यांची समजूत होती. डॉक्टरही याला अपवाद नव्हते. सडणाऱ्या हातावर कोण शस्त्रक्रिया करणार?

पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात झाला. आईवडील मिशनरी. लंडनला शिकायला गेल्यावर त्यांनी आधी सुतारकाम आणि बांधकाम शिकण्यात काही वर्षे घालवली, वैद्यकाकडे ते नंतर वळले. सुताराची ही नजर पुढे फार उपयोगी पडली. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात अस्थिशल्यतज्ज्ञ म्हणून आले. पुढच्या वर्षी चेंगलपट्टूच्या कुष्ठधामात डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांना रुग्ण दाखवले आणि प्रश्न केला, की हातापायांचे इतके व्यंग या एका आजाराने होत असताना तुम्ही अस्थितज्ज्ञ इकडे फिरकत का नाही?

ब्रँड यांनी एका रुग्णाच्या वाकड्या हातात आपला हात दिला आणि दाबायला सांगितले. त्यांना वाटले होते, हात लुळा असेल. प्रत्यक्षात पकड इतकी घट्ट, की नखे रुतून कळ आली. म्हणजे या हातात जोर शिल्लक होता! मग बोटे सरळ का होत नाहीत?

इथून खरे संशोधन सुरू झाले, आणि त्याला लागलेली साधने पाहा : एक पीस, एक टाचणी आणि एक वही. एकामागून एक रुग्णाचे हात तपासायचे. पिसाचा स्पर्श कुठे कळतो, टाचणी कुठे बोचते, कोणते बोट किती वळते, कोणता स्नायू चालतो, सगळे लिहून ठेवायचे. रुग्ण दगावला आणि परवानगी मिळाली, तर रात्री चेंगलपट्टूला जाऊन शवविच्छेदन करायचे. हळूहळू नकाशा स्पष्ट झाला. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीरातली थंड जागा मानवते. मज्जातंतू जिथे कातडीच्या जवळून जातात, कोपराजवळ आणि मनगटाजवळ, तिथे ते सुजतात आणि मरतात. त्यामुळे तळहातातले लहान स्नायू लुळे पडतात. पण कोपराखालच्या बऱ्याच मोठ्या स्नायूंना जाणारे धागे खोलवरून जातात, म्हणून ते स्नायू धडधाकट राहतात. मजूर संपावर आहेत आणि मुकादम कामावर आहे, अशी ही स्थिती!

उपाय या नकाशातच होता. स्नायूला हाडाशी जोडणारी पांढरी दोरी असते, तिला कंडरा म्हणतात. एका बोटाला वाकवणाऱ्या दोन कंडरा असतात, त्यांतली एक काढून घेतली तरी भागते. ती सोडवायची, तिचे चार भाग करायचे आणि चार बोटांत अशा जागी ओवायचे, की लुळ्या स्नायूंचे काम ती करील. ही युक्ती पूर्णपणे नवी नव्हती. अमेरिकेत स्टर्लिंग बनेल यांनी हाताच्या शस्त्रक्रियेवर १९४४ साली मोठा ग्रंथ लिहिला होता. पण ती कुष्ठरुग्णाच्या हातावर करून पाहण्याचे धाडस वेल्लोरने केले. तेव्हा सर्वसाधारण इस्पितळात अशा रुग्णाला खाट मिळणेही मुश्कील होते.

शस्त्रक्रियेनंतर प्लास्टर निघाले, तरी हात लगेच चालत नसे. जो स्नायू जन्मभर बोट वाकवत आला, त्याने आता ते सरळ करायचे, हे मेंदूला शिकवावे लागे. लहान मुलाला पाटी गिरवायला लावावी तसे आठवडेच्या आठवडे व्यायाम चालत. मग एक दिवस रुग्ण घास उचलून तोंडात घाली. ज्या हातांना नमस्कार जोडता येत नव्हता, दुवा मागताना ज्यांचे तळवे उघडत नव्हते, ते हात उघडू लागले. १९५२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये ब्रँड यांनी या कामावर हंटेरियन व्याख्यान दिले.

पण गोष्ट इथे संपत नाही. हात सुधारलेले काही जण तक्रार घेऊन परत आले. आता आम्हाला भीक मिळत नाही, आणि कुष्ठरोगी म्हणून कामही कोणी देत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा लक्षात आले, की नुसते बोट सरळ करून भागत नाही. इस्पितळाच्या आवारात झोपड्या बांधून सुतारकामासारखे धंदे शिकवण्याची सोय झाली. वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली, तीही भीक थांबवून हाताला काम देण्यासाठीच. वेल्लोर आणि वरोरा वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचले.

या झोपड्यांतच मोठा शोध लागला. सुधारलेल्या हातांवर पुन्हा जखमा दिसू लागल्या. मग प्रत्येक जखमेचा माग काढायचे ठरले. कोणी तापलेले भांडे उचललेले, कोणाला हत्याराच्या दांड्याने फोड आलेले. एकदा गंजलेल्या कुलुपात किल्ली फिरेना, तेव्हा एका मुलाने ती सहज फिरवली. ब्रँड यांनी त्याचे बोट पाहिले तर मांस हाडापर्यंत कापले गेले होते आणि मुलाला त्याची गंधवार्ता नव्हती. काही जणांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत. पहारा ठेवला तेव्हा कळले, झोपेत उंदीर कुरतडत होते. त्यावर औषध काय, तर प्रत्येकाने सोबत मांजर बाळगायचे! 

म्हणजे मांस सडत नव्हते. जखम इतरांसारखीच भरून येत होती. माणसाला दुखत नव्हते, म्हणून तो स्वतःला वाचवत नव्हता. शेकडो वर्षे ज्याला शाप म्हटले, त्याच्या मुळाशी वेदनेचा अभाव होता.

ब्रँड यांना हे स्वतःलाही एका रात्री भोगावे लागले. प्रवासाने थकून ते लंडनला पोचले. मोजा काढताना टाचेला स्पर्श कळेना. टाचणी टोचली, तरी काही नाही. आपल्याला कुष्ठरोग झाला, या विचारात रात्र काढली. सकाळी पुन्हा टाचणी टोचली आणि कळ आली! गाडीत बराच वेळ बसून फक्त पाय बधिर झाला होता. त्या कळेचा आनंद त्यांनी जन्मभर सांगितला.

१९६६ साली ते अमेरिकेत लुईझियानातल्या कारव्हिल येथे गेले. तिथे त्यांनी कृत्रिम वेदना तयार करून पाहिली. हातमोज्यात दाब मोजणारी यंत्रे बसवली, धोका आला की आवाज किंवा विजेचा झटका. रुग्ण सरळ यंत्र बंद करून काम करीत. वेदनेची कळ आपल्या हाती नाही, म्हणूनच ती आपल्याला वाचवते, हे त्या अपयशाने शिकवले. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांची काळजी घेताना आज हीच शिकवण उपयोगी पडते. घरात मधुमेही असेल तर रोज रात्री त्याचे तळपाय पाहा, असे डॉक्टर सांगतात ते याचसाठी.

या कामात डॉ. मेरी व्हर्गीस यांचे नाव घेतलेच पाहिजे. १९५४ साली अपघातात त्यांचे पाय कायमचे गेले. त्या चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी प्लास्टिक सर्जरीचे कौशल्य याच रुग्णांसाठी खर्च केले. ब्रँड २००३ साली गेले, अंतिया २००७ साली.

कुष्ठरोगावर आज खात्रीची औषधे आहेत आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. तरीही देशात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण आढळतात, जगातल्या निम्म्याहून अधिक. १८९८ सालचा कुष्ठरोग्यांना डांबून ठेवणारा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण हिंदू विवाह कायद्यात होते, तसेच १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यातही होते. ते दोन्हींतून एकदमच निघाले, २०१९ साली. भेदभाव करण्यात आपण सगळे एक होतो, हे कबूल करायला हवे.

मी कवी आहे, डॉक्टर नाही. आम्ही कवी वेदनेचे गोडवे गातो आणि लोक हसतात. पण पीस, टाचणी आणि वही घेऊन बसलेल्या या मंडळींनी वेदनेचे उपकार मोजून दाखवले. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, दवाखान्यात दाखवा. आणि बरा झालेला कोणी हात पुढे करील, तर तो हातात घ्या. त्या तळव्याला तुमचा स्पर्श कदाचित कळणार नाही, पण तुम्ही हात मागे घेतलात तर ते त्याला नक्की कळेल.