क्षयरोगाच्या शोधात संगणकाची नजर

क्षयरोगाचे निदान उशिरा होणे हे भारतातील जुने दुखणे आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने त्यावर आकड्यांनिशी बोट ठेवले. ज्यांच्यात रोगाची लक्षणे आढळली, त्यांपैकी ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठेही गेलेले नव्हते. सर्वेक्षणात छातीचा एक्स-रे काढला नसता, तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के निसटले असते. खोकला नाही, ताप नाही, पण फुप्फुसात रोग आहे, अशा रुग्णांसाठी एक्स-रेला पर्याय नाही. आणि तो वाचणारे तज्ज्ञ मात्र हवे तेथे, हवे तेव्हा मिळत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेचा वैद्यकातील सर्वांत ठोस उपयोग आज याच ठिकाणी होऊ लागला आहे.

या क्षेत्रातील एक महत्त्वाचे नाव मुंबईचे आहे. २०१६ मध्ये येथे स्थापन झालेल्या ‘क्युअर डॉट एआय’ या कंपनीची ‘क्यूएक्सआर’ ही प्रणाली छातीच्या एक्स-रेचे वाचन करते. (मेंदूच्या सीटी स्कॅनमधील रक्तस्राव ओळखण्याविषयीचे तिचे संशोधन २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले होते.) लक्षावधी जुन्या एक्स-रेंवरून आणि त्यांच्या अहवालांवरून संगणक रोगाच्या खुणा शिकतो. नवा एक्स-रे समोर आला, की तो संशयित भाग रंगाने दाखवतो आणि क्षयरोगाच्या शक्यतेचा एक गुणांक देतो. हा गुणांक म्हणजे निदान नव्हे. त्यावरून फक्त एवढेच ठरते, की कोणाची थुंकी तपासायची.

अशा पाच प्रणालींची कसोटी ढाका शहरात घेण्यात आली. सुमारे २४ हजार व्यक्तींच्या एक्स-रेंवरील हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचही प्रणाली तेथील रेडिओलॉजिस्टांपेक्षा सरस ठरल्या. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षे आणि त्यावरील वयाच्या व्यक्तींच्या तपासणीत मानवी वाचनाऐवजी अशी प्रणाली वापरण्यास मान्यता दिली. मात्र ढाक्याच्या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा असून त्याची चर्चा कमी होते. वृद्ध व्यक्ती आणि पूर्वी क्षयरोग होऊन गेलेल्या व्यक्ती यांच्या बाबतीत पाचही प्रणालींची अचूकता घटली. बऱ्या झालेल्या रोगाचे व्रण फुप्फुसावर राहतात आणि यंत्राला जुना व्रण व नवा रोग यांतील फरक नेमका कळत नाही. ज्या वस्त्यांत एकाच घरात दोनदा क्षयरोग आलेला असतो, तेथे ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही.

मढसारख्या गावाचा विचार केला, की या तंत्राचे मोल आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. वेसाव्याहून बोटीने काही मिनिटांवर असलेले हे कोळ्यांचे गाव रस्त्याने मात्र मालाड-मार्वेचा मोठा वळसा घ्यायला लावते. एका एक्स-रेसाठी दिवस मोडणे मच्छीमाराला किंवा मासे विकणाऱ्या बाईला परवडत नाही. पिशवीतून नेता येणारे एक्स-रे यंत्र थेट कोळीवाड्यात नेले, तर तपासणी लोकांच्या दारी जाते. अशा हातात धरण्याजोग्या यंत्रांचा वापर केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये सुरू केलेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत झाला. कोळीवाड्यांपुरते बोलायचे, तर जूनपासूनच्या पावसाळी मासेमारीबंदीत पुरुष मंडळी घरी असतात, तोच तपासणीचा योग्य काळ.

मग उरतो प्रश्न उंबरठ्याचा. किती गुणांकाच्या वर ‘संशयित’ म्हणायचे, हे यंत्र ठरवत नाही, आरोग्य यंत्रणा ठरवते. उंबरठा खाली आणला तर रुग्ण सुटत नाहीत, पण निरोगी माणसेही थुंकीच्या तपासणीसाठी रांगेत येतात आणि खर्च वाढतो. वर नेला तर पैसे वाचतात आणि रुग्ण निसटतात. हा निर्णय वरकरणी तांत्रिक दिसला, तरी तो खरे तर धोरणाचा आहे.

मुंबईत थुंकीची तपासणी टाळणे तर विशेष धोक्याचे. कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे रुग्ण आढळल्याचे हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास जाहीर केले, तेव्हा जगभर खळबळ उडाली; केंद्र सरकारने ती संज्ञा मान्य केली नाही, हा भाग वेगळा. जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही, हे एक्स-रेच्या सावलीवरून कळत नाही, मग ती माणसाने पाहिलेली असो वा संगणकाने. त्यासाठी सीबीनॅट किंवा गोव्याच्या मोलबायो कंपनीने विकसित केलेली ‘ट्रूनॅट’ यांसारखी रेणवीय चाचणी करावी लागते. रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही, हे ती काही तासांत सांगते.

चूक झाल्यास जबाबदार कोण, या प्रश्नाला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्थान मिळाले आहे. रुग्णाची संमती, माहितीची गोपनीयता आणि मानवी देखरेख यांवर त्यांत भर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीत १५ वर्षांखालील मुलांचा समावेश नव्हता. मुलांमध्ये क्षयरोगाचे रूप निराळे असते आणि पुरेशी थुंकीही मिळत नाही. त्यामुळे त्यांच्या एक्स-रेसाठी अनुभवी डॉक्टरच लागतो.