‘खादाड’ या नावाचा इतिहास : वुल्व्हरीनविषयी एक टिपण

प्राण्याचे नाव म्हणजे त्याच्या वर्णनाचा संक्षेप, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु काही प्रसंगी नाव आधी रूढ होते आणि वर्णन त्यामागून येते. उत्तर ध्रुवाभोवतालच्या हिमप्रदेशात राहणाऱ्या वुल्व्हरीन या प्राण्याचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. त्याचे शास्त्रीय नाव ‘गुलो गुलो’ असे असून लॅटिन भाषेत ‘गुलो’ म्हणजे खादाड. एकच दूषण दोनदा उच्चारून सिद्ध झालेल्या या नावात निरीक्षणाचा वाटा किती आणि ऐकीव गोष्टींचा किती, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

पाणमांजर ज्या मुस्टेलिडी कुळात मोडते त्याच कुळातील हा प्राणी होय. त्या कुळातील भूचर प्राण्यांत तो सर्वांत मोठा समजला जातो. तथापि त्याचे वजन सामान्यतः ८ ते १८ किलोग्रॅमच भरते. दाट तपकिरी केस, कुशीवरून शेपटीकडे जाणारा फिकट पट्टा आणि एकंदर लहानशा अस्वलासारखी ठेवण, असे त्याचे रूप आहे. पंजे रुंद असल्याने तो भुसभुशीत बर्फावरूनही सहज चालतो. जबडा इतका बळकट, की गोठून दगड झालेले मांस आणि हाडेही तो फोडून खातो. स्कँडिनेव्हिया, फिनलंड, रशिया, कॅनडा, अलास्का आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडील पर्वत हा त्याचा मुख्य प्रदेश.

युरोपातील विद्वानांना या प्राण्याचा परिचय प्रामुख्याने सोळाव्या शतकात झाला. क्राकोचे पंडित मात्सेइ मिएखोविता यांनी १५१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सार्मेशियाविषयक ग्रंथात त्याचा उल्लेख येतो. परंतु त्याची खरी प्रसिद्धी झाली ती ओलाउस मॅग्नुस या स्वीडिश धर्माधिकाऱ्याच्या ग्रंथामुळे. रोममध्ये परागंदा अवस्थेत राहून त्याने उत्तरेकडील लोकांचा इतिहास लिहिला. तो १५५५ मध्ये छापला गेला. हा प्राणी मृत जनावराचे मांस पोट तट्ट फुगेपर्यंत खातो, मग दोन झाडांच्या अरुंद फटीतून अंग दाबून पोट रिकामे करतो आणि पुन्हा खायला येतो, असे त्यात सांगितले आहे. त्याच्या कातड्याखाली झोपणाऱ्या माणसालाही तशीच अतृप्त भूक लागते, असेही तो नोंदवतो. या प्राण्याला स्वीडिश भाषेत ‘येर्फ’, जर्मन भाषेत ‘फीलफ्रास’ आणि स्लाव्ह भाषेत ‘रोसोमाका’ म्हणतात, हे सांगून ‘गुलो’ हे लॅटिन नाव मात्र कल्पित आहे, अशी कबुली ग्रंथकार स्वतःच देतो. ही कबुली पुढील लेखकांच्या ध्यानात फारशी राहिली नाही.

‘फीलफ्रास’ या जर्मन शब्दाचा उघड अर्थ ‘पुष्कळ खाणारा’ असा आहे. परंतु भाषाशास्त्रज्ञांनी त्याचा संबंध जुन्या नॉर्स भाषेतील ‘डोंगरी बोका’ या अर्थाच्या ‘फ्यल्लफ्रेस’ या शब्दाशी जोडला आहे. उत्तरेकडून येणाऱ्या कातड्यांच्या व्यापाराबरोबर हा शब्द जर्मन व्यापाऱ्यांच्या कानी पडला आणि परका उच्चार त्यांनी आपल्या ओळखीच्या शब्दांत बसवून घेतला, असे ही उपपत्ती सांगते. ज्यांच्या हाती कातडे आले परंतु जिवंत प्राणी कधी दृष्टीस पडला नाही, त्यांच्याकडून असा अपभ्रंश होणे स्वाभाविक होते.

तथापि एवढ्यावर सर्व दोष चुकलेल्या कानांवर टाकणे योग्य होणार नाही. फिनिश भाषेत या प्राण्याला ‘आह्मा’ म्हणतात आणि खादाड माणसाला ‘आह्मात्ती’. म्हणजे प्राण्याच्या प्रत्यक्ष सहवासात राहणाऱ्या समाजातही त्याचे नाव भुकेशी निगडित आहे. अपभ्रंशाने जर्मन शब्दाचे रूप उलगडते. पण तो शब्द लोकांना पटला का, हे उलगडत नाही. ऐकण्यातील चूक टिकते ती तिला अनुभवाचा थोडाफार आधार मिळाला तरच. तो आधार येथे होता. त्याच्या जोरावर पुढे जे कथानक उभे राहिले, ते मात्र आधाराच्या मानाने फार मोठे होते.

शास्त्राने हे नाव तपासले नाही, ते कायम केले. लिनीअसने १७५८ मध्ये त्याला ‘मुस्टेला गुलो’ म्हटले; पालासने १७८० मध्ये ‘गुलो’ ही स्वतंत्र प्रजातीच कल्पिली आणि कालांतराने दोन्ही पदे एक झाली. इंग्रजी नावाची वाट वेगळी आहे. त्यात भुकेचा मागमूस नाही. ‘वुल्फ’ म्हणजे लांडगा, या शब्दावरून ते बनले असावे. लाब्राडोरकडील इन्नू लोकांचे ‘क्वेक्वाचेऊ’ हे नाव तर फ्रेंच वसाहतवाल्यांच्या तोंडी ‘कार्काजू’ झाले. इन्नूंच्या कथांत हा प्राणी धूर्त आणि खोडकर असला तरी जलप्रलयानंतर नवी भूमी घडविणाराही तोच आहे. एकाच प्राण्याकडे पाहून एका समाजाने पापाचे नाव योजिले, तर दुसऱ्याने सृष्टिकर्त्याची भूमिका त्याला दिली.

आधुनिक परिस्थितिविज्ञानाने या ‘खादाडपणा’चा अर्थच बदलून टाकला आहे. हा प्राणी सापडलेले सर्व मांस एका वेळी खात नाही. त्याचे तुकडे करून तो ते बर्फात, दलदलीत वा खडकांच्या फटींत दडवून ठेवतो. थंडीमुळे ते टिकते. मादी साधारणतः फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बर्फातील बिळात विते आणि अन्नाच्या ऐन टंचाईच्या त्या काळात ही साठवण तिच्या उपयोगी पडते. पाहणाऱ्याला जी अधाशी लूट वाटली, ती वस्तुतः बेगमी होती.

नावाचा आणि वर्तणुकीचा हा प्रश्न केवळ कोशापुरता नाही. हा प्राणी रेनडिअर मारतो, सापळ्यात अडकलेली शिकार पळवतो. त्यामुळे कळपवाल्यांचे आणि शिकाऱ्यांचे नुकसान खरेच होते. नॉर्वेने १८४५ च्या कायद्याने ज्या हिंस्र प्राण्यांच्या हत्येवर बक्षीस ठेवले, त्यांत याचाही समावेश होता. स्वीडनने १९६९ मध्ये त्याला संरक्षण दिले. १९९६ पासून तेथील रेनडिअर पाळणाऱ्या सामी समाजांना, त्यांच्या प्रदेशात नोंदल्या गेलेल्या वुल्व्हरीनच्या विणींच्या संख्येवरून मोबदला देण्याची पद्धत सुरू झाली. अमेरिकेने अलास्का वगळता सलग भूभागातील या प्राण्याला २०२३ मध्ये संकटग्रस्तांच्या यादीत घातले. उशिरापर्यंत टिकणारा वसंतातील बर्फ कमी होत जाणे, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

मेलेल्या प्राण्यामागे पैसे देणारे शासन आणि जन्मलेल्या पिलांमागे पैसे देणारे शासन यांच्यामध्ये दीडशे वर्षांचे अंतर आहे. या अवधीत प्राणी बदलला नाही; त्याच्याविषयीचे ज्ञान बदलले. शास्त्रीय नाव मात्र नियमानुसार तेच राहिले आहे. म्हणून अशा नावांकडे प्राण्याचे वर्णन म्हणून न पाहता, नाव ठेवणाऱ्यांच्या ज्ञानाची आणि अज्ञानाची ऐतिहासिक नोंद म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक ठरते.