रॅलीच्या मैदानातून रोजच्या रस्त्यावर : लान्चा डेल्टा इंतेग्रालेची पुनर्बांधणी

इटलीच्या लान्चा कंपनीची ‘डेल्टा’ ही मुळात चौकोनी ठेवणीची, पाच दारांची साधी कौटुंबिक मोटार. जॉर्जेतो जुजारो यांनी तिचे आरेखन केले. १९७९ मध्ये ती बाजारात आली आणि १९८० मध्ये युरोपातील ‘कार ऑफ द इयर’ ठरली. याच मोटारीच्या चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या टर्बो आवृत्त्यांनी १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे जागतिक रॅली स्पर्धेतील उत्पादकांचे विजेतेपद लान्चाला मिळवून दिले. त्यांतील ‘एचएफ इंतेग्राले’ या मालिकेला आज जगभरच्या संग्राहकांकडून मागणी आहे. पण खरोखर चांगल्या स्थितीतील गाडी दुर्मीळ झाली आहे. मालिकेतील सर्वांत अलीकडच्या गाड्यांनीही आता तिशी गाठली आहे. अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची, तर सुरुवात कोठून करावी, काय बदलावे आणि कशाला हात लावू नये, याचा हा आढावा.

पाच हजारांच्या नियमाचे अपत्य

मोटारींच्या जगात रॅली म्हणजे डोंगरवाटा, खडी, चिखल आणि बर्फ यांतून टप्प्याटप्प्याने घड्याळाशी खेळली जाणारी शर्यत. १९८६ पर्यंत ‘ग्रुप बी’ या वर्गातील अचाट शक्तीच्या मोटारी तेथे धावत असत. २ मे १९८६ रोजी कॉर्सिकातील शर्यतीत हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जियो क्रेस्तो यांचा अपघाती मृत्यू झाला आणि तो वर्ग त्या वर्षाअखेर बंद करण्यात आला. १९८७ पासून ‘ग्रुप ए’ हा वर्ग प्रमुख झाला. त्याची अट अशी, की ज्या मोटारीच्या किमान पाच हजार प्रती तयार झाल्या आहेत, तीच शर्यतीत उतरू शकेल. शर्यतीसाठी लागणारी यंत्रणा त्यामुळे आपोआप सामान्य ग्राहकाच्या दारात आली.

डेल्टाने या काळात जागतिक स्पर्धेतील ४६ रॅली जिंकल्या. युहा कांककुनेनने १९८७ आणि १९९१ मध्ये, तर मिकी बियाझिओनने १९८८ आणि १९८९ मध्ये याच गाडीतून चालकांचे जगज्जेतेपद मिळविले. मात्र या यशामागे एक तडजोड होती. सत्तरच्या दशकात घरगुती वापरासाठी आखलेल्या सांगाड्यावर दुप्पट-तिप्पट शक्तीचे इंजिन आणि चारचाकी चालन यांचा भार टाकण्यात आला. चाकांवरील कमानी रुंद झाल्या, बोनेटला फुगवटा आला. मूळ सांगाडा बव्हंशी तोच राहिला. इंतेग्रालेच्या आजच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ तेथे आहे आणि दुरुस्तीचा क्रमही त्यावरूनच ठरतो.

पहिला मान पत्र्याला

गाडी पाहायला जाणारा ग्राहक प्रथम इंजिन सुरू करून पाहतो. जाणकार मात्र आधी पत्रा पाहतो. पुढच्या काचेभोवतीची चौकट, दारांच्या बिजागऱ्यांजवळील खांब, मागचा खांब छताला मिळतो ती जागा, दाराखालचे उंबरे आणि शॉक अॅब्सॉर्बर ज्या घुमटांत बसतात ते घुमट, ही तपासण्याची ठिकाणे. सांगाडा सतत पिळला गेल्याने छताच्या सांध्याजवळ केसाएवढ्या बारीक भेगा पडतात. त्यांतून पाणी शिरते आणि गंज आतून वाढतो. छताला उघडझाप करणारी खिडकी असेल, तर तिच्या पाण्याच्या वाटा तुंबूनही हेच होते.

नव्या रंगाचा लेप अशा भेगा वर्ष-दोन वर्षे झाकून ठेवतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहणे, लोहचुंबक फिरवून पत्र्यावर पुट्टी किती आहे याचा अंदाज घेणे आणि गालिचे उचलून तळ पाहणे आवश्यक ठरते. पूर्ण पुनर्बांधणीत काचा, दारे, इंजिन आणि सस्पेन्शन उतरवून सांगाडा उघडा केला जातो. गंजलेला भाग कापून त्या जागी नवा पत्रा वेल्डिंगने जोडतात, कमकुवत सांध्यांवर अतिरिक्त वेल्डिंग करतात, पोकळ भागांत गंजरोधक मेण भरतात आणि मगच रंग देतात. या कामाला वेळ व पैसा सर्वाधिक लागतो आणि पूर्ण झाल्यावर ते डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळेच ते टाळण्याचा मोह होतो.

इंजिन : पट्ट्यांचा हिशेब

१९९५ सीसीचे हे चार सिलिंडरचे इंजिन पूर्वी फेरारीत काम केलेल्या ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी फियाटसाठी घडविलेल्या घराण्यातील आहे. या घराण्याचा आरंभ १९६६ मध्ये फियाट १२४ च्या स्पोर्ट आवृत्तीपासून झाला. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९८५ पासून तयार झालेल्या प्रीमियर ११८ एनई या मोटारीचा सांगाडा याच फियाट १२४ चा होता. इंजिन मात्र निसानचे.

इंजिन दणकट असले, तरी त्याचे पट्टे दुर्लक्षून चालत नाही. टायमिंग बेल्टच्या शेजारीच कंपन कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टचा पट्टा असतो. तो तुटून टायमिंग बेल्टमध्ये अडकला, की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि काही हजारांचे काम काही लाखांवर जाते. जुन्या गाडीच्या कागदपत्रांत पट्टे बदलल्याचा पुरावा नसेल, तर पट्टे, ताणणाऱ्या पुल्या आणि पाण्याचा पंप एकत्रच बदलावेत. इंजिनकक्ष इतका दाटीवाटीचा आहे, की काही कारागीर या कामासाठी इंजिन बाहेर काढणेच पसंत करतात.

टर्बोचार्जरचे आयुष्य तेलावर अवलंबून असते. वेगात चालवून आणलेली गाडी एक-दोन मिनिटे मंद गतीवर ठेवून मग बंद करावी. अन्यथा तापलेल्या टर्बोतले तेल जळते. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्याही बदलाव्यात. आजच्या पेट्रोलमधील इथेनॉल त्या काळच्या रबराला सोसत नाही आणि तापलेल्या टर्बोजवळ इंधनाची गळती म्हणजे आगीला निमंत्रण.

चार चाकांची भागीदारी

१६ व्हॉल्व्हच्या आवृत्तीत इंजिनाच्या शक्तीपैकी ४७ टक्के पुढच्या आणि ५३ टक्के मागच्या चाकांकडे जाते. या वाटणीवर देखरेख करणाऱ्या ‘व्हिस्कस कपलिंग’मध्ये दाट सिलिकॉन द्रवात बुडालेल्या तबकड्या असतात. पुढची चाके घसरू लागली, की वेगातील फरकामुळे हा द्रव तबकड्यांना एकमेकींशी बांधतो. मागच्या बाजूला ‘टॉर्सन’ डिफरेन्शियल डाव्या-उजव्या चाकांचा तोल सांभाळते.

द्रव जुना झाला, की कपलिंग एक तर निष्प्रभ होते किंवा कायमचे आखडते. म्हणून चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखेच झिजलेले असावेत. दोन नवे, दोन जुने टायर लावल्यास कपलिंग विनाकारण झगडत राहते. गाडी बंद पडली, तर दोन चाके उचलून ओढत नेऊ नये, चारही चाके वर घेणारा ट्रकच बोलवावा.

तारा, दिवे आणि प्लॅस्टिक

विजेची जोडणी हे या गाडीचे जुने दुखणे. फ्यूज पेटी आणि जोडण्या तापून वितळतात, दिव्यांपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. दिव्यांसाठी स्वतंत्र रिले बसविणे, इंजिनापासून सांगाड्यापर्यंतच्या अर्थिंगच्या तारा नव्या घालणे आणि ठिसूळ जोडण्या बदलणे हा स्वस्त व परिणामकारक उपाय आहे. प्लॅस्टिकचे भाग आणि आतील कापड मिळविणे मात्र कठीण जाते. मागणी पाहून कंपनीच्या वारसा विभागाने काही वर्षांपूर्वी इंतेग्रालेचे बम्पर नव्याने तयार केले.

सुधारणा कोणत्या, किती

टर्बोचा दाब वाढवून अधिक अश्वशक्ती मिळविणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पण सांगाडा, ब्रेक आणि थंडावा यांची तयारी नसताना वाढविलेली शक्ती त्याच छताच्या भेगा रुंदावते. योग्य क्रम असा : सांगाडा, ब्रेक, सस्पेन्शन, थंडावा आणि सर्वांत शेवटी शक्ती. ब्रेकच्या नव्या नळ्या आणि उत्तम पॅड, ताजे बुश व शॉक अॅब्सॉर्बर, पुढच्या दोन घुमटांना जोडणारी आडवी दांडी, अधिक क्षमतेचा रेडिएटर या सुधारणा रस्त्यावर रोज जाणवतात आणि गरज पडल्यास उलटविताही येतात.

उलटविता येणे हा निकष महत्त्वाचा आहे. जुन्या मोटारींच्या जागतिक महासंघाने स्वीकारलेल्या ‘तुरिन सनदे’तही केलेल्या बदलांची नोंद ठेवावी आणि ते शक्यतो परत फिरविता यावेत, असाच आग्रह आहे. काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवणारा मालक पुढच्या मालकाची सोय करतो आणि स्वतःच्या गाडीची किंमतही राखतो.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘डेल्टा फ्युतुरिस्ता’ आहे. इटलीच्या युजेनियो आमोस यांच्या कंपनीने २०१८ मध्ये ती सादर केली. मूळ इंतेग्राले घेऊन तिची मागची दारे काढण्यात आली, बाह्यभागासाठी कार्बन तंतू वापरले गेले आणि शक्ती ३३० अश्वशक्तीपर्यंत नेण्यात आली. अशा २० गाड्यांची योजना होती आणि प्रत्येकीची किंमत सुमारे तीन लाख युरो. काहींच्या मते हा मूळ कल्पनेचा परिपोष आहे. काहींच्या मते एक मूळ गाडी कायमची कमी झाली. दोन्ही पक्षांकडे मुद्दा आहे.

कायदा काय म्हणतो

ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या मोटारींना वार्षिक तपासणीतून सवलत मिळते. मात्र गेल्या ३० वर्षांत गाडीत मूलभूत बदल झालेले नसावेत, अशी अट आहे. जर्मनीत ३० वर्षांनंतर मिळणाऱ्या ऐतिहासिक क्रमांकासाठीही मूळ स्वरूप वा त्या काळातील बदल एवढेच मान्य होतात. अतिरेकी सुधारणेची किंमत अशी कागदोपत्रीही मोजावी लागते.

भारतात वापरलेली मोटार आयात करायची, तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी आणि स्टिअरिंग उजवीकडे असावे, असा सर्वसाधारण नियम आहे. इंतेग्राले कारखान्यातून केवळ डाव्या स्टिअरिंगचीच निघाली. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी मोटारीचे वय ५० वर्षे लागते. पहिली इंतेग्राले ते वय २०३७ मध्ये गाठेल. तोवर येथील हौशी मंडळींना पद्मिनी किंवा ११८ एनईवर समाधान मानावे लागेल. पत्रा आधी, शक्ती शेवटी हा क्रम मात्र त्यांनाही तितकाच लागू पडतो.

आवृत्ती कशी ओळखाल?

एचएफ फोर डब्ल्यूडी (१९८६) : १६५ अश्वशक्ती. अरुंद कमानी. ‘इंतेग्राले’ हे नाव नाही.

इंतेग्राले, ८ व्हॉल्व्ह (१९८७) : १८५ अश्वशक्ती. चाकांवर फुगीर कमानी.

इंतेग्राले, १६ व्हॉल्व्ह (१९८९) : २०० अश्वशक्ती. बोनेटवर स्पष्ट फुगवटा.

एव्होलुत्सिओने (१९९१) : २१० अश्वशक्ती. अधिक रुंद कमानी, चाकांना चारऐवजी पाच बोल्ट, छताच्या मागे कोन बदलता येणारा पंख.

दुसरी एव्होलुत्सिओने (१९९३) : २१५ अश्वशक्ती. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, १६ इंची चाके.

‘मार्टिनी ५’ (४०० गाड्या) आणि ‘मार्टिनी ६’ (३१० गाड्या) यांसारख्या मर्यादित आवृत्त्यांना अधिक भाव मिळतो. साध्या गाडीवर रंगपट्टे चढवून ती मर्यादित आवृत्ती म्हणून खपविली जाण्याचा धोका असल्याने सांगाड्यावरील क्रमांक कागदपत्रांशी आणि कंपनीच्या वारसा विभागाकडील नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.