अक्षराच्या डोक्यावरची टोपी

तुर्कस्तानात १९२५ साली कायद्याने फेज टोपी गेली आणि हॅट आली, हे आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलेले असते. तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९२८ रोजी, लिपीचा कायदा झाला. अरबी लिपी जाऊन रोमन आली. त्या वेळी एका अक्षरानेही टोपी घातली.

रोमन लिपीतले पहिले अक्षर 'ए' आणि त्याच्या डोक्यावर छपरासारखी खूण. या खुणेला तुर्क लोक बोलताना 'शापका', म्हणजे हॅटच म्हणतात. हेच अक्षर फ्रेंचमध्ये पुष्कळदा गळून पडलेल्या 'स'ची आठवण ठेवते. रुमानियात ते १९५३ साली काढून टाकले, पुढे देशाच्या नावापुरते परत आणले आणि १९९३ मध्ये पुन्हा रुजू केले.

तुर्कीत त्याच्यावर आली ती अरबी-फारसी शब्दांची जबाबदारी. 'अलेम' म्हणजे निशाण, 'आलेम' म्हणजे दुनिया. जुन्या लिपीत हा फरक एक अलिफ दाखवीत असे. अलिफ गेला, त्याचे काम टोपीने उचलले. 'कार' म्हणजे बर्फ आणि फारसीतून आलेला 'क्यार' म्हणजे नफा, हेही टोपीवरूनच कळते. नव्या लिपीने तुर्की स्वर नीट लिहिता आले, वाचायला शिकणे सोपे झाले, हे मान्यच करायला हवे. पण नातवाला आजोबांच्या कबरीवरचा मजकूर वाचता येईना, हेही खरे. आज तर पुष्कळ तुर्क लिहिताना ही टोपीही घालत नाहीत.

आम्हा मराठी लिहिणाऱ्या मुसलमानांना हे परके वाटू नये. मोहरमचा 'अलम' आणि 'आलम दुनिया' यांत आपला गोंधळ होत नाही, कारण देवनागरीत अ आणि आ वेगळे आहेत. पण 'ज'चे काय? मराठीत जग म्हणजे दुनिया आणि 'तू जग' यांतला 'ज' उच्चाराने वेगळा, लिहायला एकच. मराठीने नुक्ता घेतला नाही. म्हणून 'जलील' लिहिले की अल्लाहचे नाव, थोरवी असलेला, आणि अपमानित, हलका, हे दोन्ही शब्द एकसारखेच दिसतात. उर्दू लिपीत पहिला जीमने लिहितात, दुसरा जालने.

ज्यांनी घरात अब्दुल जलील ही हाक ऐकली आहे, त्यांना खुणेची गरज नाही. पण पुढची पिढी हे नाव केवळ कागदावर वाचणार असेल, तर अर्थ उलटतो तिथे तरी आम्ही एक टिंब द्यायला काय हरकत आहे?