आधुनिक आणि आधुनिकतावादी

संस्कृतात ‘अधुना’ म्हणजे आता. त्याला ‘इक’ प्रत्यय लागला, पहिल्या स्वराची वृद्धी झाली आणि ‘आधुनिक’ शब्द तयार झाला. अर्थ सरळ : आत्ताचा. लॅटिनमधल्या ‘मोदो’चाही अर्थ नुकतेच, आताच. त्यावरून ‘मोडेर्नुस’ आणि पुढे इंग्रजीतला ‘मॉडर्न’ आला.

रोजच्या बोलण्यात ‘मॉडर्न’ कपड्यांना, राहणीला लागतो. ‘मॉडर्निस्ट’ म्हणजेच आधुनिकतावादी, हा शब्द मात्र भूमिकेचा आहे. 1907 साली पोप दहावे पायस यांनी कॅथलिक पंथातल्या नव्या विचारांच्या अभ्यासकांना धिक्कारले, तेव्हा तो आरोप होता. साहित्यात आणि कलेत तो प्रवृत्तीचे नाव बनला.

मराठीत हा फरक लख्ख दिसतो. केशवसुत आधुनिक मराठी कवितेचे जनक, तर मर्ढेकर आधुनिकतावादी. 1947 च्या ‘कांही कविता’मध्ये यंत्रयुगातल्या माणसाचे तुटलेपण त्यांनी अभंग-ओवीच्या घाटात मांडले. घाट संतांचा, अस्वस्थता गिरणी-लोकलच्या शहराची.

म्हणून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. आधुनिक काळात आपण सगळेच जगतो; आधुनिकतावादी तोच, जो त्या काळाला प्रश्न विचारतो आणि त्यासाठी अभिव्यक्तीची नवी रीत घडवतो.